सहलीचा कार्पेट एरिया

मुलांच्या परीक्षांचं वेळापत्रक लागलं, की मराठी घरांत आणखी एक वेळापत्रक जेवणाच्या टेबलावर येऊन पडतं. गुळगुळीत कागदाची पुस्तिका, मुखपृष्ठावर बर्फात हात पसरून उभं असलेलं कुटुंब आणि आत रकानेच रकाने: सहलीचं नाव, दिवस, निघण्याच्या तारखा, दर. मग घरातली चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. किती दिवस? किती ठिकाणं? जेवण आपल्यासारखं मिळेल ना? आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, 'अमक्यांकडे हीच सहल चार हजारांनी स्वस्त आहे.' या चार मुद्द्यांवर दोन-तीन लाखांचा निर्णय होतो आणि आगाऊ रक्कम भरली जाते.

पाचवा प्रश्न सहसा निघतच नाही. त्या ठिकाणी पोहोचल्यावर बसमधून खाली किती वेळ सोडणार?

घराच्या बाजारात असाच प्रश्न विचारायला महाराष्ट्र शिकला आहे. जिना, लॉबी, लिफ्टची जागा सगळ्यांच्या माथी मारून बिल्डर 'सुपर बिल्टअप' विकत असत. कागदावर हजार फुटांचं असलेलं घर आत टेप लावली की सातशे फुटांचं निघायचं. २०१६ साली स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांसाठी रेराचा कायदा झाला, १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचं काम सुरू झालं आणि कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, सांगूनच घर विकणं बंधनकारक झालं. आज पहिल्यांदा घर घेणारं तरुण जोडपंही आत शिरताच विचारतं, 'कार्पेट किती?' सहलीच्या बाजारात मात्र अजून सुपर बिल्टअपच विकलं जातं. 'सहा दिवस पाच रात्री' हा सुपर बिल्टअप आकडा आहे. त्यात विमानतळावरची रांग आहे, घाटातली बस आहे, हॉटेलच्या चाव्या मिळेपर्यंत लॉबीत सामानावर बसून काढलेला पाऊण तास आहे. सहलीचा कार्पेट एरिया तासांत मोजावा लागतो, आणि तो मोजायचा तर हातात पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

उन्हाळ्यात मुंबईहून निघणारी, सहा दिवसांची काश्मीरची नेहमीची सहल घेऊ. सहा दिवसांचे तास होतात १४४. पहिला दिवस: 'मुंबई ते श्रीनगर, शिकारा विहार.' सकाळचं विमान म्हणजे पहाटे तीनला घर सोडणं. थेट विमान पावणेतीन तासांच्या आसपास घेतं. उतरून, सामान घेऊन, हॉटेल गाठून जेवेपर्यंत दुपार कलते. संध्याकाळी दल सरोवरात तासभर शिकारा. पेन्सिलीने लिहा: एक तास.

दुसरा दिवस गुलमर्ग. श्रीनगरपासून अंतर ५० किलोमीटरच, पण टंगमर्गनंतर घाट लागतो आणि हंगामात गाड्यांची रांगही. आठला निघून दहाला पोहोचलं आणि चारला परत फिरलं, तर सहा तास मिळतात. त्यातला मोठा हिस्सा गंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, रांगेत जाऊ शकतो. गंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा थेट अफरवटच्या अंगाखांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर. पुस्तिकेत नुसतं 'गंडोला राइड' असं लिहिलेलं असतं. कोणता टप्पा? तिकिटाचे पैसे कुणाचे? तिकिटं आधीच ऑनलाइन काढावी लागतात आणि हंगामात ती भराभर संपतात, मग ती कोण आणि कधी काढणार? या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली नाहीत, तर ज्या बर्फासाठी घरातून निघालो तो बर्फ खालून पाहून परतायची वेळ येऊ शकते.

तिसऱ्या दिवशी पहलगाम, साधारण ९५ किलोमीटर. वाटेत पांपोरला केशराची दुकानं, संगमजवळ विलोच्या बॅटींचे कारखाने, अवंतीपूरला राजा अवंतिवर्म्याने नवव्या शतकात बांधलेल्या मंदिराचे अवशेष. गंमत अशी, की केशराच्या दुकानात बस पाऊण तास थांबते आणि अकराशे वर्षांच्या दगडांसमोर वीस मिनिटं. संध्याकाळी लिद्दर नदीच्या काठावर दीड तास मिळाला तर भाग्य. अवशेषांसमोरची मिनिटं धरून दोन तास लिहू. चौथ्या दिवशी आरू, बेताब, चंदनवाडी. इथे मोठी बस चालत नाही. स्थानिक टॅक्सी युनियनचीच गाडी करावी लागते. तिचं भाडं सहलीच्या दरात आहे की नाही, हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतं. तिन्ही खोऱ्यांत मिळून पाच तास धरू. पाचव्या दिवशी श्रीनगरला परत, निशात आणि शालिमार या बागा मिळून तीन तास. सहाव्या दिवशी विमान.

एक, सहा, दोन, पाच, तीन. बेरीज सतरा. १४४ तासांची सहल, तिचा कार्पेट एरिया सतरा तास. प्रत्येकी पन्नास हजार दर असेल तर काश्मीरच्या मातीवर उभं राहण्याचा एक तास जवळजवळ तीन हजारांना पडला. हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला, की दोन सहलींची तुलना अगदी वेगळी दिसू लागते. चार हजारांनी स्वस्त असलेल्या सहलीने पहलगामची एक रात्र कापलेली असते, आणि त्या एका रात्रीबरोबर आरूचा सगळा दिवस गेलेला असतो. उलट, चार हजार जास्त मागणाऱ्याने पहाटेऐवजी दुपारचं परतीचं विमान घेतलं असेल तर सहावी सकाळ हाती लागते. स्वस्त-महाग हे तासाच्या भावाने ठरवायला हवं.

पुस्तिकेची स्वतःची अशी एक भाषा असते आणि ती ग्राहकाने शिकून घेतली पाहिजे. 'पाहू' आणि 'भेट देऊ' या दोन शब्दांत तिकिटाचं अंतर असतं. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, रस्त्याच्या कडेला. 'पॅनोरामिक टूर' म्हणजे बसच्या काचेतून. 'बाहेरून' हा शब्द लिहिला असेल तर निदान प्रामाणिकपणा आहे. तो नसेल तर विचारावं. रोमचं कलोसियम 'पाहिलं' असं सांगणाऱ्या अनेकांनी त्याला बाहेरून वळसा घातलेला असतो. आयफेल टॉवरवर दुसऱ्या मजल्यापर्यंत नेणार की वरच्या टोकापर्यंत, यावर दरही बदलतो आणि आठवणही. 'थ्री स्टार किंवा तत्सम' यातला 'तत्सम' कुठे आहे, शहरात की शहरापासून तीस किलोमीटरवरच्या हमरस्त्यालगत, हे कळल्याशिवाय त्या ताऱ्यांना अर्थ नाही. दूरचं हॉटेल रोजचे दीड-दोन तास खातं आणि संध्याकाळी पायी फिरायला जायची सोयच उरत नाही.

सुट्टीचे वार हा तर हमखास फसणारा भाग. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. म्हणजे छत्रपती संभाजीनगरची सहल सोमवारी आणि मंगळवारी आखली असेल, तर लेण्यांचा क्रम बरोबर लावला पाहिजे. उलटा लावला की दोन्ही हुकलं. ताजमहाल शुक्रवारी बंद. सिक्कीममधली नथुला खिंड सोमवार-मंगळवारी पर्यटकांना बंद. पॅरिसचं लुव्र मंगळवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं बहुतेक रविवारी. निघण्याची तारीख कॅलेंडरवर ठेवून एकेका दिवसाखाली वार लिहायला दहा मिनिटं लागतात.

युरोपच्या सहलीत देशांची संख्या हे मोठं आमिष असतं. 'बारा दिवसांत आठ देश.' त्या आठांत व्हॅटिकन असतो, ज्याचं सगळं क्षेत्रफळ ४४ हेक्टर आहे, आणि १६० चौरस किलोमीटरचा लिख्टेनश्टाईन असतो, ज्याच्या राजधानीत बस जेवणाच्या वेळेपुरती थांबते. दोन्ही ठिकाणं पाहण्यासारखी आहेत, याबद्दल वाद नाही. पण पासपोर्टवरचे शिक्के मोजायचे असतील तर शेंगेनमध्ये आत शिरल्यावर ते मिळतही नाहीत. तिथल्या बसचं गणित आपल्याकडच्याहून वेगळं आहे, ते मात्र समजून घ्यायला हवं. युरोपीय संघाच्या नियमानुसार चालकाला दिवसाला नऊ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. आणि साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती सक्तीची. गाडीतलं यंत्र हे सगळं नोंदवतं. त्यामुळे 'अजून अर्धा तास थांबू या ना' असं म्हणणाऱ्या प्रवाशाला टूर मॅनेजर घाई करतो, तेव्हा तो माणूस खडूस नसतो. त्याच्यामागे घड्याळ असतं. पॅरिस ते झ्युरिक हे साधारण साडेसहाशे किलोमीटर म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस बसमध्ये. आठ देशांच्या सहलीत असे दिवस किती, ते मोजून पाहावं. तेवढ्याच पैशांत चार देश घेतले तर लूसर्नच्या तळ्याकाठी एक पूर्ण दुपार मिळते.

शिवाय बसमध्ये माणसं किती, हेही विचारायला हवं. पंचेचाळीस जणांची बस हमरस्त्यावर थांबली, तीन स्वच्छतागृहं असली आणि प्रत्येकाला तीन मिनिटं लागली, तर पाऊण तास तिथेच गेला. दिवसातून असे तीन थांबे धरा. पंचवीस जणांच्या गटाला दर जास्त पडतो तो याचसाठी, आणि तो रास्त असतो.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, की गटाने जाणंच नको. तसं मुळीच नाही. गटाने प्रवास करणं ही मराठी माणसाची जुनी आणि अत्यंत शहाणपणाची रीत आहे. आळंदीहून पंढरपूरला निघालेली दिंडी म्हणजे दुसरं काय आहे? जवळपास तीन आठवड्यांचा पायी प्रवास, आधी भरलेली वर्गणी, ट्रकमध्ये सामान, ठरलेल्या जागी तंबू, पंगत, आजारी पडल्यावर धावून येणारी माणसं. आणि एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी. पालखीच्या छापील वेळापत्रकात मुक्काम कुठे, सकाळची न्याहारी कुठे, दुपारचा विसावा कुठे, रिंगण कुठल्या गावी, हे सगळं आधी जाहीर असतं. वारकऱ्याला ठाऊक असतं की आज किती चालायचं आणि कुठे टेकायचं. पंढरीच्या वाटेवर जे कागदावर मिळतं, ते लाखभर रुपये भरून पॅरिसच्या वाटेवर का मिळू नये?

मराठी सहल कंपन्यांनी आणि नाशिकसारख्या गावांतल्या यात्रा कंपन्यांनी केलेलं काम मोठं आहे. सोबत स्वयंपाकी महाराज घेऊन निघायचं, चारधामच्या थंडीत सकाळी गरम पोहे द्यायचे, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी विसरायची नाही, हे सोपं काम नव्हे. ज्यांनी आयुष्यभर स्वयंपाकघर आणि नातेवाइकांची लग्नं यांपलीकडे प्रवास केला नाही, अशा कितीतरी बायका नवऱ्याच्या पश्चात पहिल्यांदा एकट्या घराबाहेर पडल्या त्या महिलांसाठीच्या खास सहलींमुळे. खोलीत सोबत कोण असेल याची धाकधूक घेऊन गेलेल्या दोघी परत येताना जन्माच्या मैत्रिणी झालेल्या असतात. इंग्रजी येत नाही म्हणून अडून बसलेल्या आजोबांना सिंगापूरच्या विमानतळावर हाताला धरून नेणारा पंचविशीतला टूर मॅनेजर हा या व्यवसायाचा खरा कणा आहे. त्याला मिळणारा पगार आणि त्याच्या झोपेचे तास यांवरही कधीतरी बोललं पाहिजे. 'सहा-सात-आठ' म्हणजे सहाला उठवणी, सातला नाश्ता, आठला प्रस्थान, हे गटाला सांगणारा हा मुलगा स्वतः त्याच्याही आधी उठलेला असतो.

संकटात गटाची किंमत कळते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनला झालेल्या हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते: डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचे एक. त्यानंतरच्या दिवसांत खोऱ्यात अडकलेल्या पर्यटकांना परत आणायला राज्य सरकारने खास विमानं पाठवली. अशा वेळी रात्री दार वाजवून 'सगळे खोलीत आहेत ना' असं विचारणारं आणि घरी फोन लावून देणारं कुणीतरी असणं, याची तुलना कुठल्याही सवलतीशी होऊ शकत नाही.

पण त्याच प्रसंगाने दुसरी बाजूही दाखवली. पुढच्या आठवड्यात जम्मू-काश्मीर प्रशासनाने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली. मे महिन्याची सहल भरलेल्या हजारो घरांसमोर एकच प्रश्न उभा राहिला: पैशांचं काय? विमान कंपन्यांनी श्रीनगरच्या तिकिटांवरचं रद्दशुल्क काही दिवसांपुरतं माफ केलं होतं. ती माफी प्रवाशापर्यंत पोहोचायला हवी की नको, हॉटेलची आगाऊ रक्कम परत मिळणार की पुढच्या सहलीत वळती होणार, हे प्रत्येक कंपनीच्या अटींवर अवलंबून होतं. आणि त्या अटी सही करताना फार थोड्यांनी वाचलेल्या असतात.

उंचीचा मुद्दा वेगळा मांडावा लागेल, कारण तो जिवाशी खेळ आहे. लेह ३,५०० मीटरवर आहे. मुंबईहून विमानाने तिथे उतरणारं शरीर सकाळी समुद्रसपाटीवर असतं. पहिले दोन दिवस विश्रांती घ्या, असं डॉक्टर सांगतात ते उगीच नाही. तरीही पाच दिवसांच्या स्वस्त सहलीत दुसऱ्याच दिवशी पाच हजार मीटरहून उंच असलेली खारदुंग ला घातलेली दिसते. अशी सहल कितीही स्वस्त असली तरी ती घेऊ नये. साठीच्या पुढच्या माणसाने तर नाहीच. केदारनाथची चढण गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरच्या वर आहे आणि मंदिर साडेतीन हजार मीटरच्या वर. 'हेलिकॉप्टरसह' असं छापलेलं पाहून पैसे भरण्याआधी ते तिकीट आयआरसीटीसीच्या अधिकृत हेलियात्रा संकेतस्थळावरून निघणार आहे का, हे विचारून घ्यावं. बनावट संकेतस्थळांवर पैसे गमावलेले भाविक दर वर्षी पोलीस ठाण्यात दिसतात.

आता दराकडे. मोठ्या अक्षरांतला आकडा हा जवळजवळ नेहमी दोघांनी एक खोली घेण्याचा असतो. एकट्या माणसाला वेगळी खोली हवी तर जादा रक्कम. तिघे असतील तर तिसऱ्याला मिळणारी 'एक्स्ट्रा बेड' ही बऱ्याचदा घडीची खाट असते. 'जॉइनिंग-लीव्हिंग' असा शेरा असेल तर विमानभाडं धरलेलंच नाही. श्रीनगर किंवा दिल्लीपर्यंत स्वतः पोहोचायचं आहे. सहलीच्या दरावर ५ टक्के जीएसटी. परदेशी सहलीवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएसही, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा करही, कापला जातो. त्याचा दर आणि मर्यादा त्यानंतर एकाहून जास्त वेळा बदलल्या, म्हणून त्या वर्षी किती कापणार हे विचारावं. ही रक्कम बुडत नाही. विवरणपत्र भरताना ती करात वळती होते किंवा परत मिळते, फक्त पॅन बरोबर नोंदवलेला हवा. निवृत्त आणि करपात्र उत्पन्न नसलेल्या माणसांचे हे पैसे विवरणपत्र न भरल्यामुळे तसेच पडून राहू शकतात, ही गोष्ट कंपनीच्या काउंटरवरच सांगितली गेली पाहिजे. व्हिसाची फी नकार आला तरी परत मिळत नाही. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा सक्तीचा. विम्यात आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब धरला आहे का, हे ज्येष्ठांनी वाचूनच सही करावी. टूर मॅनेजर आणि चालकाची रोजची टिप, पाण्याची बाटली, 'ऐच्छिक' म्हणून मांडलेली पण न घेतल्यास बसमध्येच बसून राहावं लागेल अशी ठिकाणं: यांची बेरीज घरीच करावी.

खरेदीचे थांबे हा याच बेरजेचा भाग. बँकॉक-पट्टायातलं रत्नांचं भव्य दालन, काश्मीरचं शालीचं दुकान, केरळातली मसाल्याची बाग. स्वस्त सहल स्वस्त कशी पडते याचं एक उत्तर इथे असतं. दुकानाकडून मिळणाऱ्या दलालीतून दराची भरपाई होते. कुणाला खरेदीची हौस असेल तर जरूर करावी. पण 'या सहलीत दुकानांचे थांबे किती आणि किती वेळाचे' हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे भरलेल्या पैशांची सुरक्षा. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला माणशी एक शिलिंग घेऊन रेल्वेने माणसं नेली. संघटित सहलीचा धंदा तिथून वाढला. त्यांच्या नावाची ब्रिटिश कंपनी १७८ वर्षांनी, २३ सप्टेंबर २०१९ रोजी, एका रात्रीत बंद पडली. (भारतातल्या त्याच नावाच्या कंपनीचा तिच्याशी मालकीचा संबंध २०१२ सालीच संपला होता.) त्या सकाळी दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश पर्यटक परदेशांत होते. सरकारने विमानं भाड्याने घेतली आणि दोन आठवड्यांत त्यांना घरी आणलं. ज्यांची सहल अजून निघायची होती आणि ॲटॉल या हमी योजनेत होती, त्यांचे पैसे परत मिळाले. ही योजना १९७० च्या दशकापासूनची आहे आणि तिच्यासाठी माणशी अवघे अडीच पौंड भरावे लागतात. युरोपीय संघाच्या २०१५ च्या निर्देशानुसार सहल कंपनी बुडाली तर ग्राहकाचे पैसे आणि परतीचा प्रवास यांची हमी असणं सक्तीचं आहे. ठरल्यानंतर दर आठ टक्क्यांहून जास्त वाढवला तर ग्राहकाला दंड न भरता बाहेर पडता येतं.

आपल्याकडे यातलं काय आहे? केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता ही ऐच्छिक योजना आहे. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. पण देशभरातल्या ग्राहकाने भरलेली आगाऊ रक्कम वेगळी ठेवा, कंपनी बंद पडली तर ती परत द्या, अशी सक्तीची तरतूद नाही. जानेवारीत मेच्या सहलीसाठी भरलेले पैसे डिसेंबरच्या सहलीच्या हॉटेलची बिलं भागवायला वापरले, तर ग्राहकाला कळायचा मार्ग नाही. कोविडच्या वेळी याचा अनुभव देशाने घेतला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीतल्या परताव्याचा जो निकाल दिला, तो विमान तिकिटांपुरता होता. सहलींच्या पैशांसाठी घरोघरी क्रेडिट नोटा आल्या आणि पंचाहत्तरीच्या माणसांना 'दोन वर्षांत कधीही जा' असं सांगण्यात आलं.

कायद्याचा आधार अगदीच नाही असं नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करायची सोय दिली आहे. सांगलीच्या ग्राहकाला मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत रक्कम भरली असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि १९१५ या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. मात्र ग्राहक आयोगासमोर कागद लागतो. ओळखीच्या निवृत्त गुरुजींनी किंवा सोसायटीतल्या काकूंनी काढलेल्या वीस जणांच्या सहली बहुतेक वेळा फार प्रेमाने पार पडतात, पण तिथे पावती नसते, जीएसटी क्रमांक नसतो, पैसे कुणाच्या तरी खासगी खात्यावर फोनवरून गेलेले असतात. अशा सहलीतही छापील कार्यक्रम, अटी आणि पावती मागावी. मागितल्याने ओळख तुटत नाही.

सहल कंपन्या सांगतात, की विमान आणि हॉटेलला आगाऊ पैसे द्यावेच लागतात, सगळी रक्कम गोठवून धंदा चालणार नाही. म्हणणं खरं आहे. बिल्डरही तेच म्हणत होते. रेराने त्यांच्याकडून सगळी नव्हे, ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून घेतली आणि काम होईल तशी ती काढायची मुभा दिली. सहलीसाठी टक्का कमी ठेवता येईल, किंवा ब्रिटनसारखी माणशी शे-दोनशे रुपयांची हमी योजना करता येईल. अडीच-तीन लाखांच्या युरोप सहलीत दोनशे रुपये कुणी मोजणार नाही.

तास छापून देण्याबद्दलही असाच आक्षेप येतो: बर्फ पडतो, दरड कोसळते, रस्ता बंद होतो, मग तास कसे लिहून द्यायचे? घराच्या करारात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक धरलेला असतो, तसा इथे अंदाज लिहावा आणि निसर्गाने केलेला उशीर त्यातून वगळावा. राज्याच्या पर्यटन खात्याला यासाठी केंद्राच्या कायद्याची वाट पाहण्याचंही कारण नाही. एक पानी नमुना तयार करून महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांना तो वापरायला सांगता येईल. प्रत्येक ठिकाणापुढे मुक्कामाचे तास, आतून की बाहेरून, तिकीट कुणाचं, बसमध्ये माणसं किती, दुकानांचे थांबे किती, आणि आज रद्द केलं तर हातात किती रुपये परत येतील, हा रकाना टक्क्यांत नव्हे तर रुपयांत. दिवाळीच्या सहलींच्या पुस्तिका दर वर्षी छपाईला जातात. त्यांत 'पहलगाम, लिद्दर नदी' या ओळीपुढे 'मोकळा वेळ: दीड तास' एवढं छापायचं, तर पानावर त्याला दोन बोटं जागा लागते.